रक्षकयंत्रांनी सोडलेला माणूस

चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ असलेल्या धवलगर्भ खाणीत बंड झालं, ते जेमतेम दहा मिनिटं टिकलं. खडकात भोकं पाडणाऱ्या छिद्रक-टोळीचा मुकादम भैरव इंगवले आपली माणसं घेऊन मुख्य भुयारातून नियंत्रण कक्षाकडे धावला. आत बसलेल्या सुरक्षाप्रमुखाने त्यांना पडद्यावर पाहिलं आणि रक्षकयंत्रांना हुकूम दिला: भुयारात पुरुष दिसला की गोळी घाला. दोन यंत्रांनी चार सेकंदांत टोळी कापून काढली. त्यानंतर ध्वनिक्षेपकावर सुरक्षाप्रमुखाची किंकाळी ऐकू आली, काहीतरी फुटल्याचा आवाज आला आणि सगळं शांत झालं. गोळ्या खाऊनही भैरव आत पोचला असणार आणि दोघे एकमेकांना मारून मेले असणार, असाच सगळ्यांचा समज झाला.

पण हुकूम कायम होता. जखमींना ओढून आणायला गेलेल्या दोघांपैकी ज्ञानू पवाराचं डोकंच उडालं. दुसरा पोटात गोळी घेऊन सरपटत परत आला आणि भोजनकक्षाच्या दारात मेला. हवेची झडप नियंत्रण कक्षातूनच बंद झाली होती. आता वस्तीत पाच तास पुरेल एवढाच प्राणवायू उरला होता.

भोजनकक्षात तीनशे माणसं दाटीवाटीने उभी होती. यंत्रांची देखभाल करणारे अभियंते विद्याधर टिपणीस टेबलावर चढून बोलत होते.

"यंत्रं बायकांना मारत नाहीत. आंतरराष्ट्रीय कायदाच तसा आहे."

"पण यंत्राला कळतं कसं?" कोणीतरी ओरडलं.

उत्तर डॉ. फिलोमिना घोन्साल्विस यांनी दिलं. वसईच्या या डॉक्टरबाई खाणीत आठ वर्षं होत्या. त्यांच्या बाहीवर दारात मेलेल्याचं रक्त वाळलं होतं. "बाईच्या पेशीत दोन एक्स गुणसूत्रं असतात. काम एकच करतं. दुसरं गुंडाळी होऊन कोपऱ्यात पडून राहतं. त्या गाठीला बार-पिंड म्हणतात. श्वास घेताना, बोलताना तोंडातल्या सुट्या पेशी सतत हवेत उडत असतात. यंत्र त्या ओढून घेतं आणि गाठ शोधतं. सापडली तर बाई, नाही तर पुरुष."

"मग आम्ही जातो की," संपत लोणारीची बायको कलावती म्हणाली.

"तिघी जाऊन आल्या," टिपणीस म्हणाले. "कक्षाचं कुलूप वेगळं आहे. ते बोटातून रक्त घेतं आणि वाय गुणसूत्र शोधतं. सुरक्षेत बायका नकोत, असा जुन्या प्रमुखाचा हट्ट होता, म्हणून तसं बनवून घेतलं. मेलेल्याचं बोटही नेऊन पाहिलं त्यांनी. कुलपाला नाडी लागते."

"म्हणजे यंत्राला बाई पाहिजे आणि कुलपाला पुरुष."

"हो. अशक्य आहे."

"अशक्य नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. कोणाकडेही न पाहता त्या पुढे बोलल्या, "काही पुरुष दोन एक्स आणि एक वाय घेऊन जन्मतात. क्लाइनफेल्टर म्हणतात त्याला. त्यांच्या पेशीत वाय असतं आणि बार-पिंडही. इथे असं कोणी आहे का, ते मी सांगणार नाही. रुग्णाची गोष्ट रुग्णाचीच असते."

संपत कलावतीच्या मागेच उभा होता. छिद्रकयंत्रांची दुरुस्ती करणारा हा सव्वासहा फुटांचा अबोल माणूस सहा वर्षांपासून हे जाणून होता. मूल होत नव्हतं म्हणून तपासणी केली तेव्हा कळलं. त्या दिवशी डॉक्टरबाईंनी त्याला दोन तास समजावलं होतं. ताडमाड उंची, विरळ दाढी, शाळेत शब्द लवकर न सापडणं, दमून जाणं, या सगळ्याला एकच कारण होतं. तो आळशी नव्हता, मंदही नव्हता. पुरुष तर होताच. तेव्हापासून तो नियमाने संप्रेरकाची सुई घेत होता, आणि ती कशाची ते कलावतीखेरीज कोणालाही माहीत नव्हतं. मुकादम तर भर पाळीत त्याला 'बाईमाणूस' म्हणत असे.

कलावतीने त्याचा दंड घट्ट धरला. "अहो, नको. यंत्र चुकलं तर?"

"पाच तासांनी कोणीच राहणार नाही, कला."

त्याने हात वर केला. "मी आहे तसा," तो म्हणाला. कोणी हसलं नाही.

भुयारात पाय ठेवला तशी दोन्ही यंत्रांच्या बंदुकांची नळकांडी त्याच्या छातीकडे वळली. पायाखाली रक्त गोठून निसरडं झालं होतं. एका कापल्या हातावर त्याचा पाय पडला. हवा ओढून घेण्याचा सूं आवाज आला. मग नळकांडी खाली झुकली.

कुलपाची सुई बोटात टोचली. हिरवा दिवा लागला आणि दार सरकलं.

तो आत वळतो न वळतो तोच छिद्रकाची पोलादी पहार त्याच्या डाव्या हातावर आदळली. हाड मोडल्याचं त्याने ऐकलं. समोर भैरव होता, मांडीतून रक्त ठिबकत होतं. पलीकडे सुरक्षाप्रमुख फुटलेल्या कवटीनिशी खुर्चीत पडला होता. पहार पुन्हा उठली. संपत खाली वाकून त्याच्या अंगावर गेला. दोघे कोसळले. भैरवने त्याच्या कानाचा लचका तोडला. संपतने उजव्या हाताने त्याचं डोकं धरून जमिनीवर आपटलं, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. चौथ्यांदा हात उचलला आणि तो थांबला. उठून, टिपणीसांनी सांगितलेली कळ त्याने खाली ओढली. बाहेर यंत्रं बंद पडली. झडप उघडली आणि गार हवा आत आली.

"कळ कुठली, मला माहीत नव्हतं," भैरव धापा टाकत म्हणाला. "बोलायचं यंत्रही मारामारीत फुटलं. बाहेर लोक टपलेले असतील म्हणून बसून राहिलो."

"मांडीत गोळी कोणाची?"

"या साहेबाची. यंत्रांची एकही नाही. माझी माणसं दोन्ही बाजूंना पडत होती रे, आणि ती नळकांडी माझ्याकडे वळून खाली झुकली." तो रक्ताळल्या दातांनी हसला. "यंत्रसुद्धा मर्द ओळखतं."

संपतला उलगडा झाला. यंत्राला मर्दपणातलं काही कळत नव्हतं. त्याला फक्त गाठ कळत होती.

"भैरव, ती माझ्यासमोरही अशीच झुकली," तो म्हणाला. जे होतं ते त्याने सरळ शब्दांत सांगितलं. गाठ, दोन एक्स, कुलूप.

भैरव आधी शिव्या देऊ लागला. मग त्याने विचारलं, "याने मूल होत नाही?"

"बहुतेकांना होत नाही. मला नाही झालं."

"माझ्या दोन्ही बायकांना नाही झालं," भैरव स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "पहिलीला माहेरी हाकललं. दुसरी, सगुणा... तिला वांझोटी म्हणायचो. रोज." सगुणा गावाकडे जिन्यावरून पडून मेली, असं त्याने सगळ्यांना सांगितलं होतं.

भुयारात पावलं वाजू लागली. मेलेल्यांचे भाऊबंद सळया घेऊन येत होते. भैरवने संपतचा पाय धरला. "बाहेर सांगू नकोस हे."

"मी नाही सांगणार. पण तपासून घे आणि औषध घे. हाडं ठिसूळ होतात नाही तर."

संपत मोडका हात छातीशी धरून दारात आडवा उभा राहिला. भैरव जिवंत दिसताच ज्ञानूचा भाऊ सळई उगारून पुढे आला. "हो बाजूला, संपत! यानेच त्यांना मरायला नेलं."

"खटला होऊ दे. आज पुष्कळ मेले."

त्याला ढकलून ते आत घुसणार, तोच गर्दीतून वाट काढत डॉक्टरबाई आल्या आणि भैरवची मांडी आवळायला त्याच्यापाशी गुडघ्यांवर बसल्या. त्याने त्यांचं मनगट पकडलं. तो इतक्या मोठ्याने बोलला की सळया जागच्या जागी थांबल्या.

"डॉक्टरबाई, लिहून घ्या. सगुणा जिन्यावरून पडली नव्हती."