हिरव्या चौकड्यांचा शर्ट

"ती पोस्ट मी टाकलेलीच नाही," टीव्हीतला नयन हात जोडून म्हणाला, "त्या वेळी माझं अकाउंट माझी ताई सांभाळायची…"

मारोतरावांच्या बैठकीत दाटीवाटीनं बसलेली गल्लीतली वीस-पंचवीस माणसं एकदम मागे वळली आणि दाराशी उभ्या असलेल्या साधनाकडे बघू लागली! तिच्या हातात चहाचा ट्रे होता. तिनं तो तसाच दाराशी खाली ठेवला.

"तिच्या मनात वाईट काही नव्हतं," नयन पुढे बोलत होता, तेही अशा चोपड्या मराठीत की घाटंजी तालुक्याचं पाणी हा पोरगा कधी प्यालाच नसावा. "ती खेड्यातली साधी मुलगी आहे, तिला समजलं नाही. पण चूक ती चूक! तिच्या वतीनं मी सगळ्या माता-भगिनींची माफी मागतो."

त्याचे डोळे भरून आले. परीक्षक उभे राहिले. बहिणीची चूक पदरात घ्यायला केवढं मोठं मन लागतं, असं म्हणत एका परीक्षकबाईंनी डोळे पुसले. टाळ्यांचा कडकडाट झाला आणि 'ताल महाराष्ट्राचा' या नाचाच्या स्पर्धेत यवतमाळ जिल्ह्याचा नयन पुढच्या फेरीत गेला. बैठकीत मात्र कुणी टाळी वाजवली नाही.

ती पोस्ट चार वर्षांपूर्वीची. कुणीतरी तीन दिवसांपूर्वी उकरून काढली आणि एका दिवसात ती सगळ्यांच्या मोबाईलवर पोचली. फोटोत कापूस वेचणाऱ्या सहा बाया वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, गोल करून जेवायला बसलेल्या होत्या. साडीवर नवऱ्यांचे, पोरांचे जुने शर्ट घातलेले, डोक्याला फडकी बांधलेली. आणि खाली लिहिलं होतं, 'आमच्या गावचं प्राणिसंग्रहालय. चरायची वेळ झाली!' त्या बाया बुद्धविहारामागच्या वस्तीतल्या, हे गावानं ओळखलं होतं, आणि मधोमध तोंड भरून हसणारी होती ती त्यांची म्होरकी, रुखमाबाई. वस्तीनं ठाण्यात तक्रार दिली होती. रविवारी नयन स्वतः खुलासा करेल, असं वाहिनीनं जाहीर केलं होतं.

आणि खुलासा हा असा आला! विचारणं नाही, सांगणं नाही… साधा एक फोनसुद्धा नाही!

माणसं चहा न घेताच उठली. घर रिकामं झाल्यावर मारोतरावांनी टीव्ही बंद केला.

"साधना… तुनं लिहलं ते?"

साधनानं वडिलांकडे पाहिलं. सहा वर्षांपूर्वी आई गेली, त्या दिवसापासून हा माणूस नयनच्या नावावरच जगत होता. आईनं शेवटच्या घटकेला नयनचा हात साधनाच्या हातात दिला होता, आणि साधनानं यवतमाळचा नर्सिंगचा कोर्स अर्ध्यावर सोडून तो हात धरला होता. त्याचं जेवण-धुणं, त्याची दहावी, त्याचा नाचाचा क्लास… आता एका शब्दानं ती हे सगळं मातीत घालवू शकत होती. आणि तो शब्द खरा होता!

"हो बाबा," ती म्हणाली. "माह्या हातून झालं."

मारोतराव तिच्यासमोर येऊन उभे राहिले.

"तुही माय दोन महिने खाटेवर पडून होती, तवा रुखमाबाईनं तिचं गू-मूत काढलं वं माय! सख्ख्या बहिनीनं केलं नसतं थे तिनं केलं… अन् तिले तू जनावर म्हनलं?"

साधनानं चहाचा ट्रे उचलला आणि ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी अंगणवाडी उघडायला गेली. वस्तीच्या तोंडाशीच ती अंगणवाडी, आणि साधना तिथली सेविका. तीन वर्षं झाली, सकाळी कुलूप निघायच्या आधीच पोरं पायरीवर बसून "साधनाताई आली, साधनाताई आली" असा गिल्ला करायची. आज पायरी रिकामी होती. मदतनीस बाई वस्तीतलीच, तीही फिरकली नाही. साधनानं स्वतः चूल पेटवली, एकोणतीस पोरांची खिचडी शिजवली, एकोणतीस ताटल्या मांडल्या आणि वाट बघत बसली. दहा वाजले, अकरा वाजले. समोरच्या घरातून एक पोरगी तिला बघून धावत सुटली, तोच तिच्या आईनं तिचा दंड धरून आत ओढलं आणि दार लावून घेतलं.

त्या लागलेल्या दाराकडे बघताना साधनाला पहिल्यांदा उमगलं की नयन मुंबईत आहे, आणि या गावात जन्म काढायचाय तो आपल्याला!

बारा वाजता रुखमाबाई आली. उंबरठ्याच्या आत पाय न टाकता ती दारातच उभी राहिली. साधना धावत जाऊन तिच्या पायाशी वाकली.

"रुखमामाय, माफ कर मले! माह्यानं चूक झाली…"

"ऊठ," रुखमाबाई म्हणाली. तिनं ओच्यातून नातवाचा मोबाईल काढला आणि तो फोटो समोर धरला. "हे पाय. आमी पाच जनी तोंडानं दिसून राह्यलो. अन् हे सहावी कोन व्हय, पाठ करून बसली थे? हिरव्या चौकड्याचा शर्ट घालून?"

साधना चटकन मागे सरली.

"तू व्हय थे," रुखमाबाई म्हणाली. "बाकीच्या चौघींच्या ध्यानात नाई आलं, पन मी वळखलं. माह्या मांडीले मांडी लावून बसली होती तू. माह्या डब्यातला ठेचा खाऊन राह्यली होती. तवा तुह्यापाशी तो बटनाचा फोन होता, अन् तोही घरी. मंग तुनं काढला कसा फोटो, अन् लिहलं कवा?"

खरं होतं ते! त्या हिवाळ्यात नयनला क्लाससाठी यवतमाळला पाठवायचं होतं आणि घरच्या चार एकरांत तेवढी जान नव्हती. शिवणक्लासला जाते असं बाबांना सांगून साधना रोज सकाळी शेजारच्या शिवारात रोजानं वेचणीला जायची. मारोतरावांची पोरगी दुसऱ्याच्या वावरात मजुरीला जाते, हे त्यांना कळलं असतं तर त्यांनी जेवण सोडलं असतं. म्हणून तोंड गुंडाळायचं, रस्त्याकडे पाठ करून बसायचं आणि साडीवर नयनचा जुना शर्ट चढवायचा. वस्तीतल्या पाच जणींनी हे गुपित पोटात ठेवलं होतं. आणि एका दुपारी दोस्ताच्या गाडीवरून जाताना नयननं रस्त्यावरूनच तो फोटो काढला होता, त्या गोलात आपली बहीण बसली आहे हे न ओळखता!

"कोनाले सांगू नोको, रुखमामाय! तुले माही आन हाय. बाबाले कळलं तं थे जगनार नाई. नयनचं आयुष्य…"

"अन् आमचं?" रुखमाबाई कडाडली. "आमाले जनावर म्हननारा कोन, हे समजाचा हक आमाले नाई काय? तू तुह्या भावासाठी देवी होऊन राह्यली, पन वस्तीतल्या साऱ्या बाया रातभर रडल्या, माहीत हाय तुले? नयन लिहते तं लिहते, पोट्टं व्हय. पन साधनानं लिहलं, जिच्यापाशी आमी लेकरं सोपवतो तिनं लिहलं, म्हनून रडल्या त्या!"

आपण एकट्याच जळतो आहोत असं साधनाला वाटत होतं… आणि आपल्या त्यागाची आच लागली होती ती भलत्यांनाच!

"तुनं आन घातली, म्हनून मी सांगनार नाई," जाता जाता रुखमाबाई म्हणाली. "पन पोरी, हे तुनं चांगलं नाई केलं."

बुधवारी दुपारी पांढरी गाडी आली. नयन, कॅमेरेवाले आणि त्यांच्या वाहिनीच्या एक चटपटीत मॅडम. अंतिम फेरीआधी 'घरवापसी'चा भाग करायचा होता. अंगणवाडीच्या अंगणात साधनानं त्या बायांच्या पायावर डोकं ठेवायचं, नयननं तिला उठवून मिठी मारायची आणि सगळ्यांनी रडायचं, असा बेत कागदावर तयार होता. मॅडमनी साधनाच्या हातात तो कागद दिला. "मी अडाणी होते, मला कळलं नाही," हे तिचं पहिलं वाक्य होतं.

नयननं तिच्याकडे पाहिलंच नाही. "ताई, फक्त पाच मिनिटांचं काम आहे," तो जमिनीकडे बघत पुटपुटला. "फायनल झाली की मी सगळं ठीक करतो. तुझी शपथ."

साधनानं कागद हातात घेतला. तिचे डोळे कोरडे होते. रडायला सुद्धा कुठेतरी आशा लागते!

वस्ती जमली. पाच जणी पुढे उभ्या होत्या, मारोतराव मान खाली घालून भिंतीशी. तेवढ्यात कॅमेरेवाल्यांनी गाडीतून एक मोठा फलक काढून अंगणात उभा केला. तोच फोटो, पण पुरुषभर उंचीचा! मोबाईलवर नखाएवढं दिसणारं सगळं आता ढळढळीत समोर आलं.

मॅडमनी खूण केली. साधना चार पावलं पुढे आली, रुखमाबाईच्या समोर गुडघे टेकून बसली. "मी… मी अडाणी होते…"

"थांब!"

तो नयनचा आवाज होता. तो फलकासमोर खिळून उभा होता. पाठमोऱ्या सहाव्या बाईच्या कोपरावर निळ्या कापडाचं ठिगळ होतं, लाल दोऱ्यानं टाचलेलं. हिरव्या चौकड्या… शाळेच्या गॅदरिंगला पहिल्यांदा नाचला तो त्याचा शर्ट! त्या दिवशी स्टेजच्या खिळ्याला अडकून कोपर फाटलं होतं आणि घरी लाल दोराच शिल्लक होता. ताईनं नर्सिंगचा गणवेश कापून ते ठिगळ लावलं होतं. "आता मले हा कायले लागते," असं म्हणत हसली होती ती.

"ताई… हा शर्ट तर…" त्यानं त्या ठिगळावर बोट ठेवलं. "ही बाई कोण आहे? ताई, ही कोण आहे?"

साधनानं मान वर केली नाही. नयन रुखमाबाईकडे वळला.

"मले इचारू नोको," रुखमाबाई म्हणाली. "मले आन हाय. डोळे असन तं पाय."

एवढंच पुरे झालं. नयननं फोटोकडे पाहिलं, मातीत गुडघे टेकलेल्या बहिणीकडे पाहिलं. वाकलेली ती पाठ तीच होती! जनावर म्हणून ज्या बायांना तो हसला होता, त्यांत पाठ करून बसलेली ती त्याचा क्लास वेचत होती, त्याचे नाचाचे बूट वेचत होती…

"मी लिहिलं!" तो अंगणाच्या मधोमध ओरडला, आणि त्याची चोपडी मराठी कुठल्या कुठे गळून पडली. "मी लिहलं थे! तिनं नाई! तिच्यापाशी फोटोचा फोनसुदीक नव्हता! मी खोटं बोललो बाबा, साऱ्या जगासमोर खोटं बोललो… मले भेव लागलं होतं!"

"कट, कट!" मॅडम म्हणाल्या. पण कुणी ऐकलं नाही. मारोतराव भिंतीला धरून पुढे आले आणि त्या फलकासमोर उभे राहिले. बराच वेळ ते त्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत होते. मग त्यांनी मातीत बसलेल्या साधनाच्या डोक्यावर हात ठेवला.

"शिवनक्लास म्हने," एवढंच ते म्हणाले, आणि लहान लेकरासारखे हुंदके देऊन रडू लागले.

नयन रुखमाबाईच्या पायावर पडायला गेला, तशी ती मागे सरली.

"पाय नोको धरू. तक्रार आमी मागं घेनार नाई, हे आधीच सांगून ठेवतो. ठाण्यात जाय, जे लिहलं थे तुह्या तोंडानं सांग. अन् मंग उद्या वावरात ये. फोटो रस्त्यावरून काढला होता नं तू? आता अंदरून पाय, कसं असते थे."

नयनला वाहिनीनं त्याच संध्याकाळी स्पर्धेतून काढून टाकलं. ठाण्यात जबाब देऊन तो परतला, तेव्हा साधनानं त्याला वाढलं, पण त्याच्याशी एक अक्षर बोलली नाही. क्षमा मागून ताबडतोब मिळत असती तर तिची किंमत ती काय! सकाळी मात्र ती उठायच्या आधीच त्यानं पेटी उघडून तो शर्ट शोधून काढला होता.

अंगणवाडीच्या पायरीवर त्या दिवशी अकरा पोरं होती. उरलेली येतील, न येतील… साधनानं एकोणतीस जणांची खिचडी शिजवली आणि दुपारी उरलेल्या खिचडीचा डबा घेऊन ती वावरात गेली.

धुऱ्यावर पाच जणी गोल करून जेवत होत्या. नयन दूर कपाशीच्या तासात, दोन ओळींच्या मधे, एकटा उभा होता. बोंडांच्या वाळक्या टोकांनी त्याची बोटं सोलवटली होती, पाठीवरच्या झोळीत जेमतेम ओंजळभर कापूस होता. शर्ट खांद्यात आवळत होता, वरची दोन बटणं लागतच नव्हती. बायांकडे जायची त्याची हिंमत नव्हती आणि त्यांनीही त्याला हाक मारलेली नव्हती.

साधनाला बघताच रुखमाबाईनं शेजारणीला कोपरानं ढोसलं. "सरक वं जराशी." मग तासाकडे तोंड करून ती ओरडली, "ये बे नाच्या! भाकर खाऊन घे. वेचनं जमत नाई, उपाशी राहून काय होते?"

नयन मान खाली घालून आला आणि त्या गोलात, सहाव्या जागी, रस्त्याकडे पाठ करून बसला. रुखमाबाईनं त्याच्या भाकरीवर ठेचा ठेवला. त्याच्या डोळ्यांतलं पाणी भाकरीवर पडलं, तरी तो तशीच खात राहिला.

साधना त्याच्या मागे उभी होती. त्याची उघडी मान उन्हानं लाल झाली होती. लहानपणी याच मानेवर ती अंघोळीनंतर पावडर लावायची. चार दिवस गच्च आवळून धरलेलं तिच्या आत काहीतरी सैल होऊ लागलं, आणि तिनं खाली वाकून त्याच्या शर्टाची कॉलर वर केली.

"कॉलर वर ठेवत जाय," ती म्हणाली. "मान भाजते उन्हानं."