पुढची चाकं ओढेनात

“हिच्या तोंडाला कुणी झाकण बसवेल का?” मामा खिडकीच्या काचेला म्हणाले.

सांगितलं काचेला, पण ऐकू आलं सगळ्यांनाच. जुन्या ट्रंकेत कपडे कोंबावेत तसे पुढच्या सलग बाकावर तिघं बसले होते. स्टिअरिंगवर आबा, खिडकीशी मामा आणि मध्ये गिअरच्या दोन्ही दांड्यांना गुडघे चुकवत आबांची लेक चिमणी. चिमणी हे आपलं लाडाचं नाव. वय सेहेचाळीस, आणि अशा चार चिमण्या एका फांदीवर बसल्या तर फांदी खाली यावी, असं ती स्वतःच सांगायची.

“आबा, तो डावीकडचा दगड पाहिलात? बसलेल्या म्हशीसारखा! आणि उजवीकडे वाळू कशी घसरलीय, बाई बाई!”

आबांनी गाडी दोन्हींच्या मधून अलगद काढली.

“दगड, वाळू, झुडूप,” मामा पुटपुटले. “तीन दिवस झाले. रेडिओला निदान बटण तरी असतं.”

ते निघाले होते आत्याला आणायला. आत्या म्हणजे आबांची थोरली बहीण. वरच्या खिंडीत वाटसरूंसाठी एक दगडी खोली होती, तिची राखण ती तीस वर्षं एकटीने करत आली होती. तिचा वायरलेस सहा दिवसांपासून गप्प होता. मामांनी उभा जन्म कंपाउंडर म्हणून गोळ्या मोजल्या होत्या. त्यांच्या हिशोबाने आत्याच्या हृदयाच्या गोळ्या परवाच संपल्या होत्या. त्यात तिचे पाय सुजलेले, म्हणजे खिंड उतरून चालत येणं तिला शक्यच नव्हतं. आणि एकदा बर्फ पडलं की खिंड पाच महिने बंद! म्हणजे गोळ्या पोचवायच्या, आत्याला गाडीत घालायचं आणि आभाळ बिघडायच्या आत खाली यायचं. सांगायला सोपं होतं.

गाडी मात्र बत्तीस वर्षांची होती. तिचं एक दार दोरीने बांधलेलं होतं, आणि हॉर्न वाजायचा तो स्वतःच्या मर्जीने.

“आज पुढची चाकं ओढेनात,” आबा म्हणाले. कोरड्या नदीच्या पात्रात गाडी सकाळपासून कण्हत होती. “वाळूच भुसभुशीत आहे यंदा.”

“असेल हो दाजी,” मामा म्हणाले. “वाळूसुद्धा म्हातारी होते.”

आणि तेवढ्यात पायाखालून आवाज आला. खड्! खड् खड्! लोखंडी डब्यात कुणी खडे घालून हलवावेत तसा. मग एकच धाडकन दणका! गाडीने नाकाला ठेच लागल्यासारखा झोका खाल्ला आणि ती उभी राहिली.

ऊन डोक्यावर होतं. चिमणी पाठीवर झोपून गाडीखाली सरकली. आबांच्या गॅरेजात तिचं सारं शिक्षण पाने हातात देता देता झालं होतं. कुणी शिकवलं नव्हतं, कुणी अडवलंही नव्हतं. पुढच्या दोन चाकांच्या मधोमध डिफरन्शियलचा लोखंडी गोळा असतो. इंजिनाची ताकद तिथे येते आणि दोन्ही चाकांत वाटली जाते. त्या गोळ्याला हात लावला तर चटका बसला! तिने खालचा बोल्ट ढिला केला. ऑइल आलं ते काळं, करपलेलं, आणि त्यात चांदीसारखा चमकणारा लोखंडाचा चुरा. पाठोपाठ एक तुटका दाता तिच्या तळहातावर पडला.

“गेलं,” ती म्हणाली.

“काय गेलं?” मामा वाकले.

“पुढचं डिफरन्शियल. आतले दाते मोडलेत.”

आबा मागे पान्यांची पेटी चाचपत होते. एकेक पाना हातात घेऊन अंगठ्याने तोंड मोजत होते. चिमणी बाहेर आली आणि उजव्या चाकापाशी बसली.

चाकाच्या मध्यभागी हबवर एक फिरकी असते. ती एका खुणेवर फिरवली की चाक इंजिनाशी जोडलं जातं, दुसऱ्या खुणेवर फिरवली की सुटतं. दोन्ही चाकांच्या फिरक्या एकसारख्या हव्यात. हे काम आबांचं. “हबला हात लावायचा नाही!” हा त्यांचा नियम घरातल्या बारशांपेक्षा जुना होता. आज पहाटे पात्रात उतरताना त्यांनीच खाली वाकून दोन्ही फिरक्या फिरवल्या होत्या.

डावं चाक जोडलेलं होतं. उजवं सुटं!

म्हणजे सकाळपासून इंजिनाची सगळी ताकद त्या सुट्या बाजूने नुसती गरगरत होती. चाकाला त्यातलं काहीच मिळत नव्हतं, आणि आतले छोटे दाते स्वतःभोवती फिरून फिरून जळत होते. खूण बोटभर लांब होती. लाल रंगाची. ती चुकायला माणूस आंधळाच...

तिने विचार तिथेच तोडला. मान वर केली तर मामा बघत होते. फिरकीकडे, मग तिच्याकडे, मग लांब डोंगराकडे.

चिमणीने डावी फिरकी सुटीवर आणून ठेवली.

“काय झालं असेल ग?” आबा पाना घेऊन आले.

“ऑइल जुनं होतं, आबा. माझीच चूक. निघताना बदलायला हवं होतं.”

“लोखंडच ते, दाजी,” मामा म्हणाले. “थकतं.”

आबांनी मान हलवली. पटल्यावर हलवतात, तशी नव्हती ती.

मागे फिरावं तर दोन दिवस. पुढे सात मैल चढ. मामा म्हणाले, “मी गोळ्या घेऊन चालत जातो.” मग स्वतःच्या गुडघ्यांकडे बघून तेच म्हणाले, “आणि तिला काय पाठुंगळी घेऊन येतो?”

“शाफ्ट काढू,” चिमणी म्हणाली. “पुढच्या गोळ्याकडे जाणारा शाफ्ट काढला, की लो गिअर नुसत्या मागच्या चाकांवर वापरता येईल. चढ मागच्या दोन चाकांवर मारू.”

आठ बोल्ट. सहा आले. सातवा शिव्या खाऊन आला. आठव्याला पाना लागेना, घासून घासून तो गोल झालेला! तिने छिन्नी लावली, मामांनी हातोडी घातली. एकदा बोल्टवर आणि एकदा तिच्या अंगठ्यावर.

“अग आई ग!”

“लागलं का?”

“नाही मामा, गाणं म्हणतेय!”

दोन तासांनी शाफ्ट खाली आला. त्यांनी मागच्या हौद्यात दगड भरले, म्हणजे मागची चाकं जमीन धरून राहतील. एक एक दगड उचलताना तिघांच्या तोंडून एकच कण्हणं बाहेर पडत होतं. गाडी निघाली. “आता बघा, उजवीकडे झाड आडवं पडलंय,” चिमणी सुरू झाली. मामांनी झाकणाचा विषय पुन्हा काढला नाही.

दोन वर्षं ती असंच बोलत होती. बाजारात जाताना, पाहुण्यांकडे जाताना, रस्ता जिभेवर घेऊन. आई गेली त्या महिन्यात आबा म्हणाले होते, “ज्या दिवशी स्टिअरिंग सुटेल त्या दिवशी मलाही उचला.” त्यानंतर त्यांना कोण काय सांगणार? डॉक्टरांकडे चला म्हटलं की ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. म्हणून ती बडबडत होती. तीन दिवसांत घसा बसला होता, जीभ सुजल्यासारखी झाली होती.

शेवटच्या मैलात मात्र बडबड उपयोगी पडेना. वाट कड्याच्या पोटाला चिकटून वर गेलेली, गाडीच्या रुंदीपेक्षा हातभरच जास्त. लो गिअरमध्ये इंजिन असं ओरडत होतं की स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येऊ नये. आणि कुठला दगड सुटा आहे, ते पुढे चालून पायाने बघायलाच हवं होतं. चिमणी उतरली. मामा लाकडाचा ठोकळा घेऊन मागच्या चाकापाशी. गाडी घसरली की ठोकळा खाली!

चिमणी उलटं चालू लागली. हात डावीकडे. हात उजवीकडे. ये, ये. गाडी इंच इंच चढत होती. मागची चाकं खडी भिरकावत होती. वळण आलं. बाहेरची कड पोखरलेली!

तिने दोन्ही हात वर केले. थांबा!

गाडी येतच राहिली.

“आबा! थांबा!”

डावं चाक कडेवर गेलं. माती निसटली! चिमणी धावत सुटली आणि बॉनेटवर दोन्ही पंजे आपटत किंचाळली, “ब्रेक! आबा, ब्रेक!”

ब्रेक लागला. गाडी मागे घसरली. एक हात. दोन हात. “मामा!” ठोकळा चाकाखाली गेला. कर्रर्र... आणि सगळं थांबलं. पुढचं डावं चाक निम्मं हवेत होतं. खाली दरीत दगड कितीतरी वेळ गडगडत राहिले.

आबांनी इंजिन बंद केलं. त्यांचे हात स्टिअरिंगवर तसेच होते.

“ऊन डोळ्यात गेलं,” ते म्हणाले.

सूर्य त्यांच्या पाठीशी होता.

“हो,” मामा म्हणाले. “इथलं ऊन वाईटच.”

पुढचे तीनशे फूट चढायला दीड तास लागला. गाडी एक हात सरकायची, मामा ठोकळा सरकवायचे, चिमणी खिडकीला लटकून आबांच्या कानात ओरडायची. शेवटी ते खोलीच्या दारात पोचले.

आत्या घोंगडी गुंडाळून दारातच बसली होती. ओठ निळसर, पाय भोपळ्यासारखे, पण आवाज खणखणीत.

“बॅटरी मेली वायरलेसची. मी नाही! तोंडं कशाला पाडलीत?”

मामांनी गोळी तिच्या जिभेखाली ठेवली आणि मनगट धरून किती तरी वेळ बसले. शेवटी म्हणाले, “चालेल. पण उद्या खालीच.” आणि पहिल्यांदाच त्यांचे डोळे पाणावले.

आबांनी चहाचा पेला टेबलावर ठेवला. टेबल चार बोटं पुढे होतं. पेला फरशीवर पडला. चिमणी लगबगीने म्हणाली, “माझाच धक्का लागला!” आत्याने तिच्याकडे पाहिलं. चिमणी खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभी होती.

सकाळी आभाळ राखेसारखं झालं होतं. पहिले कण हवेत तरंगू लागले. गाडीचं तोंड उताराकडे वळवलं, हौद्यातले दगड उतरवून घोंगड्या पसरल्या. मामांनी आत्याला धरून गाडीपाशी आणलं. ती एक पाय पायरीवर ठेवून थांबली.

“बसते मी,” ती म्हणाली. “पण आधी सांगा, चालवणार कोण?”

मामा दाराची दोरी सोडबांध करू लागले. चिमणीने बॉनेटवरचे कण झटकले, नसलेलेही झटकले.

आबा उजव्या चाकापाशी खाली बसले. हबवरची फिरकी त्यांनी अंगठ्याने चाचपली. एकदा, मग पुन्हा एकदा. मग पलीकडे जाऊन डाव्या चाकाचीही. काल डावी कुणी फिरवली हे त्यांनी विचारलं नव्हतं. आताही विचारलं नाही. गुडघ्यावर हात टेकून उठले, खिशातून किल्ली काढली आणि चिमणीच्या सुजलेल्या अंगठ्याला धक्का न लावता तिच्या तळहातावर ठेवली. तो हात मात्र त्यांना बरोबर सापडला.

“मला दिसत नाही ग, चिमणे,” आबा म्हणाले. “दोन वर्षं झाली. तुझ्या बडबडीवर चालवतोय.”