रांगेतली शेवटची गाडी

बॉस्टनला जायचं म्हटलं की एरवी मी खुशीत असते. त्या दिवशी मात्र पावाचा तुकडासुद्धा घशाखाली उतरला नाही. काम तसं साधंच होतं. माझ्या ड्रायव्हिंगच्या नोंदीत 'अपघात, चूक चालकाची' अशी एक ओळ पडली होती, ती खोडून घ्यायची होती. मी फॉल रिव्हरमध्ये शाळेची बस चालवते. असा डाग असलेल्या माणसाच्या हाती कुणी मुलं देत नाही. ओळ राहिली तर बस जाणार, आणि बस गेली की इडालिना फुर्तादो म्हणजे खिडकीत बसून कॉफी ढवळणारी एक विधवा. ते मला अजिबात मंजूर नव्हतं.

अपघात झाला तो होनोरियोकाकांच्या अंत्ययात्रेत. काका माझे धर्मपिता. आमच्या चर्चमधल्या निम्म्या लोकांना त्यांनीच गाडी शिकवली, मलाही. मयताच्या गाड्या टपावर जांभळी निशाणं आणि दिवे लावून एकामागे एक निघतात. लाल सिग्नल लागला तरी ही रांग तुटत नाही, बाकीच्यांनी थांबून वाट द्यायची असते. माझी गाडी शेवटची होती. भरदुपारी नदीवरून धुकं चढलं आणि पुढची गाडी त्यात विरून गेली. चौक आला तोच काचा लावलेल्या माझ्या गाडीत डांबरगोळ्यांचा वास भरला. काकांचा काळा कोट वर्षभर डांबरगोळ्यांत असायचा, त्याच कोटात त्यांना शवपेटीत ठेवलं होतं. माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. डावीकडून आलेला पिकअप माझ्या दारावर आदळायचा, तो बॉनेटवर आदळला.

पिकअपवाला होता वेंडल क्रॉकर. तो पोलिसांना म्हणाला, बाईच्या गाडीवर निशाण नव्हतं, सिग्नल तोडून सुसाट आली. निशाण खरंच कुठे सापडलं नाही. विमा कंपनीने त्याचं खरं मानलं आणि चूक माझ्या नावावर टाकून मोकळी झाली.

सुनावणीची खोली छोटी होती. हीटरच्या नळ्यांतून कुणी टिचक्या माराव्यात तसा आवाज येत होता. हॅलोरनबाई निकाल देणार होत्या. समोर विमा कंपनीचा टायवाला पोरगा, आणि त्याचा साक्षीदार म्हणून वेंडल. धडधाकट गडी, पण डोळ्यांखाली काळं आलेलं आणि नजर सारखी स्वतःच्या उजव्या बाजूला वळत असलेली.

गाडीत एक डबी असते, धडकेच्या आधीचे काही क्षण ती टिपून ठेवते. ती वाचा म्हणून मीच हट्ट धरला होता. टायवाल्याने वाचली. गाडी माणसाच्या चालीने चालली होती, ब्रेक दाबलेला होता. मी मान ताठ केली.

"पुढे ऐका," तो हसत म्हणाला. "शेजारची सीट. प्रौढ माणूस, पट्टा लावलेला. आणि बाई, तुम्ही तर लिहून दिलंय की मी एकटीच होते. म्हणजे एक तर डबी बिघडलेली, नाही तर तुम्ही खोटं बोलताय."

हॅलोरनबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "होतं का कुणी शेजारी? असेल तर त्यांना बोलवा."

हो म्हणावं तर माणूस कुठून आणू? नाही म्हणावं तर डबी बाद, आणि बसही गेली. पण खोट्यावर बस चालवायची नव्हती मला. "मी एकटीच होते," मी म्हणाले.

"नव्हती..." वेंडल पुटपुटला.

नळ्यांचा आवाज थांबला.

"म्हातारा होता शेजारी. काळा कोट... टोपी मांडीवर. आपटायच्या आधी त्याने माझ्याकडे बघून असा हात केला. थांब म्हणून." वेंडलचा हात हवेतच राहिला. "मी फोनमध्ये बघत होतो, बाई. हिचं निशाण माझ्या चाकापाशी पडलं होतं. मीच ते उचलून सीटखाली टाकलं. तेव्हापासून तो माझ्या गाडीत बसतो... रोज. एकच शब्द बोलतो."

"कोणता शब्द?" हॅलोरनबाईंनी हळूच विचारलं.

"देवागार... देवागार..."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला आणि डोळे भरून आले. "आमच्या पोर्तुगीज भाषेत 'हळू'," मी म्हणाले. टायवाल्या पोराने टाय सैल केला.

खाली पार्किंगमध्ये वेंडलने मला गाठलं. जांभळं निशाण माझ्या हातात कोंबून म्हणाला, "न्या ना त्याला... पाया पडतो तुमच्या."

त्याच्या पिकअपच्या काचेतून मी डोकावले. शेजारच्या सीटवर कुणी नव्हतं. पट्टा मात्र लावलेला होता आणि छातीच्या उंचीवर फुगलेला होता. श्वास घ्यावा तसा तो वरखाली होत होता. भीती वाटली, खोटं कशाला बोलू? पण त्याहून जास्त अभिमान वाटला.

"मी कोण नेणार?" मी म्हटलं. "नीट चालवायला शिकल्याशिवाय ते कुणालाच सोडत नाहीत. मला दोन वर्षं लागली होती. चल, हळू चालव."

निकाल आला. ओळ खोडली गेली. सोमवारी मी बस घेऊन वळणावर आले तेव्हा पोरांनी असा गलका केला की शेजारपाजारचे खिडक्यांत आले. "इडालिना आली! इडालिना आली!" मी भोंगा वाजवत सुटले. शाळेसमोर वाजवायचा नसतो, तरी वाजवला. इतकी खूश मी माझ्या लग्नातही नव्हते.

संध्याकाळी बस डेपोत लावून माझ्या गाडीने घरी निघाले. गाणं गुणगुणत होते. इतक्यात डॅशबोर्डवर पट्ट्याचा लाल दिवा लागला, टिंग टिंग सुरू झालं. शेजारच्या माणसाने पट्टा लावलेला नाही.

सीट रिकामी होती. डांबरगोळ्यांचा वास नव्हता. ओल्या मातीचा होता, नुकत्या खणलेल्या थडग्यापाशी येतो तसा. काका तर वेंडलकडे होते, आणि पट्ट्याशिवाय ते जन्मात कधी बसले नाहीत. हे दुसरंच कुणीतरी होतं.

मी गाडी कडेला घेतली. हात लांब करून रिकाम्या सीटवरून पट्टा ओढला आणि खटक्यात अडकवला. दिवा विझला.

मग माझा हात नसताना खटका दाबला गेला, आणि पट्टा सावकाश आपल्या जागी परत गेला.