खिंडीतलं डबडं

वसंत लागला की डोंगराच्या पोटातला नवा बोगदा सुरू होणार होता आणि खिंडीतला जुना रस्ता सुरुंग लावून कायमचा बंद होणार होता. ऐन हिवाळ्यात, बर्फ तुडवत, गाडीने खिंडीच्या माथ्यावर पोचायचं असेल तर हा शेवटचा हिवाळा. माथ्यावर एक जुना दगडी नाका होता, त्याच्या दारात लोखंडी घंटा होती, आणि ती घंटा कुणी हिवाळ्यात वाजवल्याचं ऐकिवात नव्हतं. मास्तरांनी ठरवून टाकलं होतं, ती आपण वाजवायची!

मास्तर म्हणजे गाडी शिकवणारे मास्तर. आठवडाभर नवशिक्यांच्या शेजारी जीव मुठीत धरून बसायचं, 'हळू, क्लच हळू सोडा' म्हणून घसा कोरडा करायचा, आणि सुट्टी आली की जीप काढून रस्ता संपतो तिथून पुढे निघायचं, असा त्यांचा खाक्या. या वेडात त्यांना जोडीदारही मिळाले होते. एक दातांची डॉक्टरीण, हात स्थिर आणि जीभ तिखट. दुसरा एक बेकरीचा मालक, त्याला सगळे पाववाला म्हणत. विनोद केल्याशिवाय त्याला गिअर टाकता येत नसे.

या मंडळींचा एक नियम होता. ज्याची गाडी रुतेल आणि दुसऱ्याला दोर लावून ओढावी लागेल, त्याच्या मागच्या बंपरला एक चेपलेलं दुधाचं डबडं तारेने बांधायचं. पुढचा कुणी रुतेपर्यंत ते त्याच्यामागे खडखडत राहायचं, आणि बाकीच्यांनी त्याला मनसोक्त छळायचं. डॉक्टरीणबाईंनी ते डबडं मिरवलं होतं. पाववाल्याच्या बंपरला तर ते घरच्यासारखं झालं होतं. मास्तरांना मात्र ते एकदाही लागलं नव्हतं, आणि ही गोष्ट मास्तर काही लपवून ठेवत नसत.

या वेळी चौथी जीप होती जावयाची. खरं तर ती मास्तरांचीच जुनी जीप. लेकीच्या लग्नात त्यांनी ती जावयाला दिली होती आणि किल्ली हातावर ठेवताना म्हणाले होते, "जावईबापू, हिच्या बंपरला अजून डबडं लागलेलं नाही. सांभाळा."

जावई चष्म्याची भिंगं घासून बसवायचा. लांब, नाजूक बोटांचा, मोजकं बोलणारा माणूस. त्याने मान डोलावली होती आणि ते वाक्य मनात ठेवलं होतं.

निघायच्या सकाळी मास्तरांच्या गाडी शिकवण्याच्या शाळेच्या अंगणात चारही गाड्या धूर सोडत उभ्या असताना लेकीने मास्तरांना बाजूला घेतलं.

"बाबा, त्याला डिवचू नका हं. तो बोलून दाखवत नाही काही. मागे ताप अंगावर काढला. मला कळलं तेव्हा फणफणला होता नुसता."

"अगं, जावई आहे माझा. तळहाताच्या फोडासारखा जपेन."

"मस्करी नको. मला तो परत हवाय."

"जसा नेतोय तसा आणून सोडतो," मास्तर म्हणाले. लेक हसली नाही.

बर्फाची हद्द लागताच सगळ्यांनी उतरून टायरमधली हवा कमी केली. हवा कमी केली की टायर पसरतात आणि भुसभुशीत बर्फावरही पाय रोवून चालतात. पुढे मास्तर, मग जावई, मग पाववाला, सगळ्यात मागे डॉक्टरीणबाई, अशी रांग चढणीला लागली. आभाळ शिशाच्या रंगाचं झालं होतं. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला दरी, आणि मधला रस्ता कुठे आहे ते फक्त कडेच्या खांबांवरून ओळखायचं.

तिसऱ्या की चौथ्या वळणावर पाववाला रुतला. पुढची दोन्ही चाकं गडप! जावई आपलं फावडं घेऊन धावला, दोघांनी मिळून बर्फ उपसला, डॉक्टरीणबाईंनी मागून दोर लावून ओढलं, आणि गाडी बाहेर आली. डबडं तारेने बांधलं गेलं. पाववाल्याने त्याला हात जोडले.

"या, या. तुमच्यावाचून करमत नव्हतं."

सगळे हसले. मास्तर हसता हसता जावयाकडे वळले. "बघा हं जावईबापू, पुढचा नंबर तुमचा. माझ्या जीपचं नाक कापू नका."

जावईही हसला, पण त्याचे कान लाल झाले. मग तो हळूच म्हणाला, "बाबा, मी शेवटी येऊ का? मी सावकाश चालवतो. माझ्यामुळे कुणाचा खोळंबा नको."

"शेवटची गाडी मुरलेल्या माणसाची असते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्याच्यामागे त्याला बघायला कुणी नसतं."

"येऊ दे हो," मास्तरांनी हात झटकला. "वॉकी-टॉकी आहेत की."

गाड्या निघाल्या. जावयाचं फावडं पाववाल्याच्या जीपमध्येच राहिलं. ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

दुपार व्हायच्या आतच बर्फ पडू लागला. आधी हलका, मग दाट, आणि मग वारा आडवा सुटला तसा समोरच्या काचेपलीकडे पांढऱ्याशिवाय काही उरलं नाही. खांब दिसेनासे झाले. मास्तर खिडकीतून डोकं बाहेर काढून चाकाखालचा रस्ता बघत होते, पापण्यांवर बर्फ साचत होता, आणि त्यांना मनातून, खरं सांगायचं तर, आनंद होत होता. याचसाठी तर ते आले होते.

"मागे सगळे ठीक?" ते वॉकी-टॉकीवर विचारत.

"ठीक," डॉक्टरीणबाई.

"डबड्यासकट ठीक," पाववाला.

"ठीक आहे, बाबा," जावई.

पुन्हा चढण, पुन्हा तोच प्रश्न. "ठीक आहे, बाबा. येतोय." त्यानंतर बऱ्याच वेळाने, "ठीक आहे." आवाज थोडा जड वाटला, पण या थंडीत कुणाचा आवाज जड होत नाही? दिवे दिसत नव्हते, पण त्या पांढऱ्या काळोखात कुणाचेच दिवे दिसत नव्हते.

आणि अचानक वारा थांबला. धुकं बाजूला सरलं आणि वर, फक्त एका वळणावर, नाका दिसला! काळा दगड, पडकं छप्पर, आणि दाराच्या चौकटीत लटकलेली घंटा. पाववाल्याने हॉर्न वाजवला. मास्तरांनी गाडी थोडी मागे घेतली, वळणावर जोर मिळावा म्हणून.

मागचं चाक खचलं. बर्फाखाली गटार होतं! जीप कलंडली आणि धप्पकन बसली.

मास्तरांनी गिअर टाकला. चाक गरगर फिरलं. मागे. पुढे. पुन्हा मागे. जळक्या रबराचा वास आला, जीप आणखी खचली. त्यांच्या कपाळावर त्या थंडीत घाम फुटला. इतकी वर्षं, आणि आज, घंटा समोर दिसत असताना, जावयादेखत!

वॉकी-टॉकीवर डॉक्टरीणबाईंचा आवाज खरखरला. "मास्तर, काय झालं? ठीक आहात ना?"

"ठीक आहे," मास्तर म्हणाले.

ते स्वतःचाच आवाज ऐकून थबकले. तोच शब्द, तोच सूर. सकाळपासून त्यांनी तो दुसऱ्याच्या तोंडून ऐकला होता आणि खुशाल मान डोलावून ते पुढे निघाले होते. ताकाला जाऊन भांडं लपवणारे ते एकटे नव्हते.

त्यांनी वॉकी-टॉकी तोंडाशी धरला. "जावईबापू." खरखर. "जावईबापू, बोला. कुठे आहात?" नुसती खरखर. "अहो, बोला काहीतरी."

पुन्हा खरखरच.

मास्तर दार ढकलून बाहेर पडले आणि मागे धावत सुटले. डॉक्टरीणबाई दोर घेऊन उतरतच होत्या.

"मी अडकलोय," मास्तर म्हणाले. हे वाक्य त्यांच्या तोंडून प्रथमच बाहेर पडत होतं. "मी अडकलोय आणि ठीक आहे म्हणालो. तोही तेच करतोय. कधीपासून कोण जाणे."

"थांबा, आधी तुम्हाला ओढते."

"दोर नको. वेळ नाही. माझी राहू दे इथेच."

पाववाल्याने वर नाक्याकडे पाहिलं. "मास्तर, हाकेच्या अंतरावर आहे. आम्ही गाड्या वळवेपर्यंत तुम्ही पायी जाऊन वाजवून या. पुन्हा कुणाला मिळणार नाही ही घंटा."

मास्तरांनी घंटेकडे पाहिलंसुद्धा नाही. ते पाववाल्याच्या जीपमध्ये चढून बसले होते. "वळव," ते म्हणाले.

अरुंद रस्त्यावर, दरीच्या काठाशी, दोन्ही गाड्या वीत वीत मागेपुढे करत वळल्या. मग उतार सुरू झाला. वर येताना उमटलेल्या खुणा बुजून गेल्या होत्या. मागे डबडं खडखडत होतं आणि पाववाला विनोद न करता गिअर टाकत होता. प्रत्येक वळणावर मास्तरांना वाटे, आता दिसेल. प्रत्येक वळण रिकामं. सुरुवातीला त्यांनी जावयाला मनात शिव्या दिल्या, मग स्वतःला दिल्या, आणि मग शिव्या संपल्या आणि फक्त लेकीचा चेहरा उरला.

"थांब!"

कातळाशी बर्फाचा एक उंचवटा होता. उंचवट्यातून पिवळट उजेड येत होता आणि आतून इंजिनची घरघर ऐकू येत होती. वाऱ्याने जीपवर मागून बर्फ चढवला होता. सायलेन्सर पार गाडला गेला होता!

"इंजिन चालू आहे!" डॉक्टरीणबाई मागून ओरडल्या. "धूर आत जातोय. काच फोडा!"

पाववाल्याने जावयाचंच फावडं उगारलं. पहिला घाव फुकट. दुसरा फुकट. तिसऱ्याला काच फुटली आणि आतून कोमट, घाण वास बाहेर आला. मास्तरांनी हात घालून किल्ली फिरवली. तिघांनी मिळून दारापुढचा बर्फ उपसला, दार ओढलं, आणि जावई त्यांच्या अंगावर कलंडला. गाल नको तितके लाल होते. ओठ उघडे होते. हातमोजे फाटून बोटं उघडी पडली होती, ती मेणासारखी पांढरी होती.

चाकापुढे एक खड्डा उकरलेला होता. फावड्याने नव्हे, हातांनी! फावडं मागायचं तर रुतलो हे सांगावं लागलं असतं. म्हणून तो हातांनीच उकरत राहिला, बोटं बधिर झाली तेव्हा ऊब घ्यायला आत बसला, आणि तिथून 'ठीक आहे' म्हणत राहिला.

डॉक्टरीणबाईंनी त्याला वाऱ्यात आडवा केला आणि तोंडाने श्वास द्यायला सुरुवात केली. मास्तर त्याचं डोकं धरून बसले.

"डोळे उघड. पोरा, डोळे उघड रे." आजवर ते त्याला कधी अरे-तुरे करून बोलले नव्हते. "हवं तेवढं रुत, पण डोळे उघड."

छाती हलली नाही. पुन्हा श्वास. पुन्हा. मग घशातून एक घरघर निघाली, जावई आक्रसला, खोकला आणि बर्फावर ओकला. डॉक्टरीणबाई मागे टेकून बसल्या.

पाववाला उठला, आपल्या जीपमागे गेला. त्याने पकडीने तार तोडली आणि डबडं हात मागे नेऊन दरीत भिरकावलं. ते खाली आपटल्याचा आवाज आला नाही.

शहरातल्या रुग्णालयात जावयाला प्राणवायू लावला. जीव वाचला, डोकंही ताळ्यावर आलं. बोटांनी मात्र दगा दिला. ती फुगली, मग काळी पडत गेली, आणि शेवटी उजव्या हाताच्या दोन बोटांची पेरं काढावी लागली. भिंगं धरणारी बोटं होती ती.

लेक रडली नाही, भांडली नाही. ते तिने केलं असतं तर मास्तरांना बरं वाटलं असतं. ती एवढंच म्हणाली, "जसा नेला तसा आणीन म्हणाला होतात."

"म्हणालो होतो," मास्तर म्हणाले.

शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी लेक जेवायला घरी गेली आणि मास्तर खाटेजवळच्या स्टुलावर बसले. जावई जागा होता. पट्टी बांधलेला हात उशीवर ठेवलेला होता. सिस्टर दारातून डोकावली.

"कसं वाटतंय? दुखतंय का?"

"ठीक आहे," जावई म्हणाला. सिस्टर निघून गेली.

मास्तर स्टूल पुढे ओढून म्हणाले, "वर नाक्यापाशी मीही ठीक आहे म्हणालो होतो. चाक गटारात होतं. जीप अजून तिथेच आहे."

जावयाने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

"आता तू सांग," मास्तर म्हणाले. "मला सांग."

जावयाने डोळे मिटले.

"दुखतंय, बाबा. नसलेली पेरंसुद्धा दुखतायत. आणि मला पुन्हा भिंग धरता येईल असं वाटत नाही."

मास्तर उठले, स्टूल कलंडलं, आणि ते दाराकडे धावले. सगळ्या मजल्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ते म्हणाले, "सिस्टर, लवकर या. याला दुखतंय."