मेंग बहिणींची जुळणी

मंगळवारी सकाळी पावणेदहाला मेंग नारे स्कॅनच्या यंत्रातून बाहेर आली. अर्ध्या तासाने संगणकाने तिच्या मेंदूची ओळख पटवली आणि नाव दिलं ते तिच्या जुळ्या बहिणीचं, बोमचं. बोमला जाऊन पाच महिने झाले होते.

प्यो इनसुकने जवाच्या चहाचा कप बाजूला सारला. दक्षिण कोरियातल्या देजॉनच्या या संस्थेत ती कित्येक वर्षं जुळ्यांचे मेंदू तपासत होती. एकाच बीजाच्या जुळ्यांची जनुकं अक्षरन् अक्षर सारखी असतात. मेंदूतला कुठला भाग कुठल्या भागाशी किती बोलतो, हे मात्र दोघांत जवळजवळ सारखं असतं, हुबेहूब नसतं. नव्या विद्यार्थ्यांना ती सांगायची, "जनुकं हमरस्ते आखून देतात. गल्लीबोळ ज्याचे त्याने पाडायचे." त्या गल्लीबोळांवरूनच संगणक माणूस ओळखायचा. या जुळ्यांचे मेंदू तीन वर्षांपूर्वीही तपासले होते; तेव्हाच्या आणि आजच्या नकाशांची तुलना केली की पहिली जुळणी स्वतःशी लागायची, दुसरी जुळ्या भावंडाशी. नारेच्या बाबतीत क्रम उलटा लागला होता आणि फरक थोडाथोडका नव्हता.

इनसुकचा पहिला संशय आपल्याच माणसांवर गेला. तीन वर्षांपूर्वी कुणीतरी दोघींची चित्रं उलटसुलट नावांनी ठेवली असणार. पण कपाळाच्या हाडातली पोकळी जुळ्यांतही वेगवेगळी असते. तिने ती काढून पाहिली. जुन्या नारेची आणि आजच्या नारेची पोकळी रेषेला रेष जुळली.

कवटी नारेची होती. आतलं दळणवळण बोमचं होतं.

तिला पहिल्या खेपेची बोम आठवली. यंत्रात शिरताशिरता ती म्हणाली होती, "मी आणि ताईने अदलाबदल केली, तर कळेल का हो तुमच्या या डब्याला?" नारेने तिच्या पाठीत धपाटा घातला होता. आता तसा संशय घ्यायलाही जागा नव्हती. हाडं अदलाबदल करत नाहीत.

चित्र हललंय, पुन्हा यावं लागेल, असं इनसुकने फोनवर खोटंच सांगितलं. शुक्रवारी नारे आली, सोबत तिचा नवरा. सोक चांग्यू रेल्वेच्या सिग्नल विभागात होता. नारे कपडे बदलायला आत गेल्यावर तो दबक्या आवाजात म्हणाला, "मॅडम, चित्र खरंच हललं होतं?"

"असं का विचारता?"

"माझं काम सिग्नलचं आहे. खोटा हिरवा ओळखता येतो."

इनसुकने त्याला बसायची खूण केली.

"गाडीच्या अपघातापासून ती घरात पाहुणीसारखी वागते. फ्रिज उघडायच्या आधी विचारते. चपला काढल्या की टोकं दाराकडे करून ठेवते, जणू निघायचंय. स्वतःच्या घरात, मॅडम."

"बहीण शेजारच्या सीटवर गेली त्यांची. धक्का असतो."

"मीही तेच म्हणायचो. शेवटी पोलिसांत गेलो. ओळखपत्राला दहाही बोटांचे ठसे देतो ना आपण? म्हटलं, जुळवून बघा. जुळले. नारेच आहे. हवालदार हसायला लागला. म्हणाला, बायको बदलून मिळाली तर लोक पेढे वाटतात, तुम्ही तक्रार करताय."

इनसुकला त्याचा संशय आला. बायकोला वेडी ठरवायला निघालेले नवरे तिने पाहिले होते. "कोर्टात दाखवायला कागद हवा असेल, तर मिळणार नाही. संशोधनाचे निकाल आम्ही घरच्यांना देत नाही."

"कागद काय चाटायचाय?" तो एकदम चिडला, मग ओशाळला. "आमची सोदाम चार वर्षांची आहे. ती आईच्या कुशीत शिरते आणि ही हात कुठे ठेवू असं बघत राहते. मला बायको परत हवी आहे. पोरीला आई हवी आहे. बस."

दुसऱ्या स्कॅनमध्येही पहिली जुळणी बोमचीच आली. इनसुक काचेमागून बाहेर आली, तेव्हा चांग्यूने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि मान खाली घातली. सांगायला काही उरलं नव्हतं.

"सासूबाई जिंदो बेटावरच्या," तो म्हणाला. "जुन्या वळणाच्या. बोम गेल्याचं कळलं तशा गच्चीवर गेल्या. मेलेल्याचा अंगरखा उत्तरेकडे हलवायचा आणि तीनदा हाक मारायची, परत ये म्हणून. आता कोण करतं हे? पण त्यांनी केलं. खुंटीवरचं जाकीट घेतलं, बोमच्या नावाने हाका मारल्या आणि जाकीट परत खुंटीला लावलं."

"मग?"

"जाकीट नारेचं होतं. दवाखान्यातून घरी आणताना तिला तेच घातलं मी. गारठा होता."

इनसुक संशोधक होती. तिने शांतपणे सांगितलं की याचा कशाशी काही संबंध नाही.

"मला माहीत आहे," चांग्यू म्हणाला. "पण सासूबाई म्हणतात, चुकीच्या कपड्यावर हाक मारली तर बरोबर कपड्यावर मारून सोडवता येते."

महिन्याभराने नारे आणि चांग्यू पुन्हा आले, सोबत सोदाम. या वेळी बोलावणं गेलं नव्हतं. चांग्यूनेच गळ घातली होती आणि इनसुकने स्वतःलाही नीट कारण न देता वेळ दिली होती.

नारे यंत्रात गेली. सोदाम बाकावर पाय हलवत बसली.

"झालं का ते?" इनसुकने विचारलं.

"रविवारी. बोमचे कपडे तर एकोणपन्नासाव्या दिवसाच्या विधीतच जाळले होते. एक मफलर तेवढा सापडला. मागेच बोमने सोदामला दिला होता. सासूबाईंनी पोरीच्या गळ्यातून काढला, गच्चीवर हाका मारल्या, मोकळी हो म्हणाल्या."

"तो मफलर जाळला?"

"नाही हो. सोदाम रडून गोंधळ घालत होती. परत तिच्या गळ्यात घातला."

संगणकाने निकाल दिला. पहिली जुळणी नारे. दुसरी बोम. फरक जसा असायला हवा तसा.

नारे केस बांधत बाहेर आली. "गाडी परत लांब लावलीस ना? तुला जवळची जागा दिसतच नाही कधी," ती नवऱ्यावर खेकसली. चांग्यूने हसायचा प्रयत्न केला आणि त्याचे डोळे भरून आले. मग नारेला बहिणीची आठवण झाली असावी. ती भिंतीला टेकून रडली, पाच-सहा महिन्यांचं एकदम.

सोदाम बाकावरून उतरली आणि शहाण्या बाईसारखी तिच्या पाठीवरून हात फिरवू लागली. हात कुठे ठेवायचा, ते तिला नीट ठाऊक होतं.

इनसुकने नजर वळवली.

दोन दिवसांनी संध्याकाळी चांग्यूचा फोन आला. चार वर्षांच्या मुलीचा स्कॅन होईल का, एवढंच त्याने विचारलं.

"आठ वर्षांखालची मुलं आम्ही घेत नाही," इनसुक म्हणाली. "आणि तिचा आधीचा नकाशा कुठे आहे? जुळवायचं कशाशी?"

बोमचा नकाशा यादीत अजून होता. ती ते बोलली नाही.

चांग्यू फोन ठेवत नव्हता. त्याच्यामागे भांड्यांचा आवाज येत होता. मग सोदामचा बारीक आवाज फोनजवळ आला.

"दाजी, चला ना. ताईने पानं वाढलीत."