बारावं अंडं

न्यानबाईंनी क्वांग त्रीच्या बाजारात बारा अंडी घेतली, तीही एकेक हातात तोलून, उन्हात धरून. विकणारी वैतागली. "आजी, तळायचीत की लग्न लावायचंय त्यांचं?" अंडी खायची नव्हतीच. मुलगा शोधायचा होता.

त्यांचा खोआत एकोणीस वर्षांचा असताना उत्तरेतल्या गावातून दक्षिणेत लढायला आला आणि बहात्तर साली इथल्याच एका टेकडीवर पडला. सरकारचा कागद घरी आला, पोर आलं नाही. ज्याची हाडं घरी येत नाहीत तो रानात उपाशी भटकतो, घरचं ताट त्याला पोचत नाही, हे त्यांच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. बावीस वर्षं त्या त्याच्या तसबिरीपुढे भात वाढत होत्या आणि बावीस वर्षं त्यांच्या स्वतःच्या घशाखाली घास धड उतरला नव्हता.

टेकडीवर त्यांच्यासोबत मुलगी लुआ होती आणि फावडं घेतलेला साक, तिथलाच एक म्हातारा. साकचाही मुलगा त्याच लढाईत गेला होता, पण पलीकडून, अमेरिकनांच्या बाजूने लढताना.

"तुमच्या पोराला निदान नावाचा दगड तरी मिळेल, ताई," साक म्हणाला. "माझ्याचं नाव काढलं की लोक मान फिरवतात."

"मग पाठवलंत कशाला त्यांच्याकडे?"

"तुमच्याला काय तुम्हाला विचारून नेलं होतं?"

न्यानबाई अंड्यांची टोपली उचलून पुढे चालू लागल्या.

शेजारच्या खोऱ्यात अमेरिकनांचे तंबू दिसत होते. याच लोकांनी एके काळी या डोंगरांवर इतकं लोखंड ओतलं होतं की अजून तिथे झाड धड वाढत नाही. आता तेच हेलिकॉप्टरने येऊन आपल्या एका हरवलेल्या शिपायासाठी अख्खी माती चाळणीतून चाळत होते, एखादा दात तरी मिळेल म्हणून. न्यानबाईंकडे चाळणी कुठली? त्यांच्याकडे अंडी होती.

जेवायची बांबूची काडी जमिनीत उभी खोचायची, टोकावर अंडं ठेवायचं आणि मेलेल्याला नावाने हाक मारायची. खाली तोच असेल तर अंडं उभं राहतं. अकरा ठिकाणी त्यांनी हाक मारली, "खोआत, आई आलीय रे!" अकरा अंडी पडून फुटली. सूर्य डोक्यावर आला. वारा पडला होता आणि झाडांवरचे किडे कान किटेपर्यंत किरकिरत होते. बाराव्या वेळी न्यानबाईंच्या अंगात त्राण उरलं नव्हतं. त्या नाव घ्यायचंच विसरल्या.

"पोरा... चल घरी," एवढंच म्हणाल्या.

अंडं उभं राहिलं. किडे एकदम थांबले.

साकने कमरेइतकं खणलं. ओल्या मातीचा गोडसर, कुबट वास वर आला. त्याने मांडीचं हाड काढलं आणि स्वतःच्या पायाशी लावून पाहिलं. ते गुडघ्याच्या खाली चार बोटं गेलं.

"ताई... हा आपल्यातला नाही."

"माझाच आहे."

"आई," लुआ कुजबुजली, "दादा माझ्याएवढा होता. आणि तू नाव नाही घेतलंस."

"वाढला असेल."

"आणि हे?" लुआने कवटीकडे बोट दाखवलं. दाढेत चांदीसारखं काहीतरी चमकत होतं.

साकने फावडं खाली ठेवलं. "तंबूत कळवू या, ताई. त्याचीही आई असेल."

"असू दे. बघू दे तिलाही वाट."

हे म्हणताना न्यानबाईंना बरं वाटलं. बावीस वर्षांत इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

हाडं दारूने धुतली, लाल कापडात गुंडाळली. गावाहून आणलेली मातीची पेटी मात्र त्यांच्या गावच्या माणसांच्या मापाची होती. मांडीचं हाड काही केल्या आत बसेना.

"मोडा."

"ताई, अहो..."

"मोडा म्हणते ना!"

साकने ते दगडावर ठेवून फावड्याच्या पाठीने दोन घाव घातले. कुणीतरी कण्हलं. लुआला वाटलं साक, साकला वाटलं लुआ. न्यानबाईंनी पेटीचं झाकण लावलं.

गावात ढोल वाजवून पेटी पुरली. दगडावर खोआतचं नाव कोरलं. महिन्याने त्याची तिथी आली. न्यानबाईंनी भर दुपारी तसबिरीपुढे उदबत्ती लावली, शेतातल्या खेकड्यांचं कालवण आणि भात वाढला आणि डोळे मिटले. उघडले तर वाटी रिकामी होती. चाटूनपुसून रिकामी. त्या आनंदाने रडायलाच लागल्या.

तेवढ्यात अंगणातून हाक आली. "आई..."

तो एकोणीस वर्षांचा आवाज त्या विसरणं शक्यच नव्हतं. त्या दाराशी धावल्या. उन्हात कुणी नव्हतं. अंगणातल्या चिखलात अनवाणी पावलं उमटली होती, उंबऱ्यापर्यंत आलेली आणि तिथेच थांबलेली.

"खोआत! आत ये ना रे..."

"आई... माझ्या जागी कोण बसलंय?"

मागे घरात कुणीतरी उठलं. एक पाऊल पडलं. दुसरा पाय फरफटत आला. पुन्हा एक पाऊल. न्यानबाईंची मागे वळायची छाती झाली नाही.

"तू जा..." त्या मागच्याला कशाबशा म्हणाल्या. "तुझी माणसं तुला शोधतायत रे... जा..."

त्यांच्या डोक्याच्या कितीतरी वरून श्वास आला. टेकडीवरच्या त्याच मातीचा वास आला. आणि त्यांच्या खांद्यावरून ती रिकामी वाटी हळूच पुढे आली. अजून वाढ, म्हणून.

न्यानबाईंनी वाढलं. तेव्हापासून रोज दुपारी वाढतात, आणि वाटी रोज रिकामी होते. उंबऱ्याबाहेरही एक ताट ठेवून पाहिलं, पण ते तसंच राहतं, माश्या बसतात. लुआ आता माहेरी येत नाही.

बाहेरची पावलं मात्र दर तिथीला येतात, उंबऱ्याशी थांबतात आणि उपाशीच परततात. फक्त दरवर्षी ती थोडी लहान होत चालली आहेत. यंदाची चार वर्षांच्या पोराची होती.