नऊच्या ठोक्याचा फोन

हसा लेकांनो, चहा येईपर्यंत हसून घ्या. बायकोचा फोन आला की गाड्यांच्या थांब्यावर बसून ‘वर्कशॉपात आहे’ म्हणून खुशाल थापा मारता. पण आपण कुठे आहोत ते कुणाला न सांगण्यासाठी एका बाईला केवढं मन घट्ट करावं लागलं, ते ऐका. इन्साफ माझी दूधबहीण. आम्ही दोघं एकाच आईचं दूध प्यालो, म्हणून तिच्या घरात मला सख्ख्या भावासारखी ये-जा. तिनं सांगितलं तेवढंच सांगतो, आणि शेवटचं तर मी या डोळ्यांनी पाहिलंय.

गेल्या हिवाळ्यातल्या तूबा महिन्यातला गुरुवार होता. आपल्या दुमयात शहरातली कुत्रीसुद्धा थंडीनं सुतारशाळांच्या भुशात शिरून बसली होती. नवऱ्याला जाऊन चार महिने दहा दिवस झाले, इन्साफची इद्दत संपली, आणि त्याच सकाळी ती टेलिफोनच्या कचेरीत गेली. घरचा फोन बंद करायला.

कारकून मान वर न करता म्हणाला, “लाइन हाज बदावींच्या नावावर आहे, हाज्जा. त्यांना घेऊन या.”

इन्साफनं मृत्यूचा दाखला पुढे सरकवला. “माझी काही हरकत नाही बाळा. येतात का तूच विचारून बघ.”

कारकून ओशाळला. दुपारपर्यंत लाइन बंद होईल म्हणाला. तिथून ती थेट मोबाइलच्या दुकानात गेली.

संध्याकाळी लेक आला, रागिब. बापाचा फर्निचरचा कारखाना आता तोच बघतो. त्यानं कपाळाला हात लावला.

“आई, कुणाला विचारून बंद केलास? बाबा रोज नऊला फोन करायचे, तसा मीही करणार होतो.”

“मोबाइलवर कर की.”

“मोबाइलवर तू कुठे आहेस ते कसं कळणार?”

“तेच तर,” इन्साफ म्हणाली.

रागिब पाय आपटत गेला. जाताना सोमवारी लाइन परत सुरू करून घेतो म्हणाला. तो करणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. बापाचाच लेक तो. आणि एकदा का ती घंटा पुन्हा सुरू झाली, की उरलेलं आयुष्यही त्या फोनच्या मेजाशीच जाणार होतं.

आता तुम्ही म्हणाल, एका फोनचं एवढं काय. तर ऐका. हाज बदावी रात्री कारखान्यात बसायचा आणि नऊच्या ठोक्याला घरी फोन करायचा. बोलायचा काही नाही. इन्साफनं “हॅलो?” म्हटलं की ठेवून द्यायचा. बायको घरात आहे, एवढंच त्याला हवं असे. काळा, तबकडीचा फोन; तबकडीला पितळी कुलूप, किल्ली त्याच्या खिशात. म्हणजे फोन येणार, जाणार नाही. एकदा गच्चीवर कपडे काढताना तिचा फोन हुकला, तर महिनाभर तो घरात तोंड उघडून बोलला नाही. अर्ध्या तासावर रास अल-बर. शेंबडी पोरंही तिथं रात्री समुद्रावर हिंडून येतात. इन्साफ एकोणचाळीस वर्षं संसार करून रात्रीचा समुद्र पाहायची राहिली होती. चारित्र्याला जपतो म्हणे! जपतात ते शेळीला, दाव्यानं.

त्या रात्री तिनं डाळीचं सूप केलं. नमाज पढली. पहिल्यांदाच घड्याळाकडे न बघता जेवायला बसली.

नऊ वाजले.

फोन वाजला.

पाय आपोआप उठले तिचे. अर्ध्या वाटेत ती थांबली. रागिबनं एवढ्यात लाइन जोडून घेतली? तिनं मोबाइल लावला.

“रागिब, घरी फोन तू करतोयस?”

“मी कशाला करू? मी जेवतोय. आणि लाइन तर तूच तोडलीस ना?”

“कारखान्यात कोण आहे?”

“कुणी नाही. कुलूप लावून आलोय. का गं आई?”

फोन वाजतच होता. तिनं मोबाइल बंद केला. मेजाखाली वाकून बघितलं. तार भिंतीतून निघालेली… जमिनीवर मोकळी पडलेली. ती तिनंच दुपारी उपटली होती.

घंटा थांबेना.

भीती वाटली. का नाही वाटणार? तिनं कुराणातली आयतुल कुर्सी म्हणायला सुरुवात केली आणि मध्येच गप्प झाली. कारण भीतीच्या वर संताप चढला होता. मेल्यावरसुद्धा?

“वाज,” ती फोनला म्हणाली. “वाज किती वाजायचंय ते.”

शाल घेतली. दाराला कुलूप लावलं. जिन्यात उभी राहून मला फोन केला. “झकी, शेवटची गाडी तुझीच ना? रास अल-बरला यायचंय.”

मी म्हटलं, “वेड लागलं का तुला? या थंडीत तिथं चिटपाखरू नसेल.”

“मग गर्दीचा त्रास नाही,” ती म्हणाली. मागून घंटा मला ऐकू येत होती, बरं का. स्पष्ट.

गाडी बांधापाशी उभी केली. मी आतच बसलो. नाईल जिथं समुद्राला मिळते, त्या टोकापर्यंत ती एकटी चालत गेली. दिवे विझलेले. लाटा काळ्या. एवढं मोठं काही आपल्यासाठी असू शकतं, असं तिला पहिल्यांदाच वाटलं. ती रडली, असं तिनंच सांगितलं.

मोबाइल वाजला.

तिचा नंबर फक्त रागिबकडे आणि माझ्याकडे. पडद्यावर नाव होतं… घर. दुकानदारानं सकाळी तोच नंबर पहिला भरून दिला होता.

तिनं उचलला. पलीकडे कुणी बोललं नाही. नुसता श्वास…

तिला पाठ होता तो.

“हॅलो नाही म्हणणार मी,” ती म्हणाली. “मी घरात नाही. समुद्रावर आहे. उद्याही येईन. ऐक.”

आणि मोबाइल हात लांब करून लाटांवर धरला.

बराच वेळ.

परत कानाला लावला. श्वास नव्हता. पण फोन ठेवलेलाही नव्हता. मग तिनंच ठेवला. त्या माणसाच्या आधी, पहिल्यांदा.

घरी आलो तेव्हा ती म्हणाली, “झकी, वर चल जरा.” दाराचं कुलूप जसंच्या तसं. आत सगळं गार, गप्प. काळा फोन मेजावर, तार जमिनीवर मोकळी, तबकडीचं कुलूप जागच्या जागी.

फक्त रिसीव्हर खाली काढून ठेवलेला.

मी उचलला. जड लागला. हलवला, तर कानाच्या भोकांतून काहीतरी मेजावर सांडलं. वाळू. बारीक… ओली.

इन्साफनं चिमूटभर घेऊन जिभेला लावली.

“खारट आहे,” ती म्हणाली. “ऐकलं म्हणजे त्यानं.”